आधी प्रश्न, मग पाणी: कॅथलिक संस्कारांची तयारी

रेल्वेच्या गावाला बदली म्हणजे काय ते सांगायला नको. मनमाड-सिकंदराबाद मार्गाला जिथे हिंगोली-अकोल्याचा फाटा फुटतो, त्या परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेत सव्वाशे वर्षं फायरमन, ड्रायव्हर, गार्ड, फिटर येत राहिले आणि बदलीचा कागद हातात पडला की सामान बांधून निघून गेले. त्यांतली काही घरं कॅथलिक. समजा, अशा एका घरातल्या मुलाचा बाप्तिस्मा गुंतकलला झाला, पहिली कम्युनियन मराठवाड्यात, दृढीकरण सिकंदराबादला, आणि लग्न ठरलं वसईच्या मुलीशी. रेशनकार्डावरचे पत्ते बदलत गेले, शाळेचे दाखले चार झाले. चर्चच्या लेखी मात्र त्याचं मूळ दप्तर एकच: गुंतकलच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही. तिथून दाखला आल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लागलं की वसईहून तसं कळवलं जातं आणि त्याच वहीत, त्याच्या नावाशेजारच्या समासात नोंद चढते. जुना दाखला सहसा चालत नाही. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला लागतो, कारण मधल्या काळात समासात काय चढलं हेच पाहायचं असतं. कॅनन लॉ म्हणजे चर्चचा धर्मकायदा. त्याच्या 1983 च्या संहितेत 535 वं कलम या वह्यांसाठीच आहे.

बाहेरच्या माणसाला हा सरकारी कारकुनीचाच प्रकार वाटेल. पण वहीत जे चढतं ते दर वेळी कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर असतं, हे या व्याख्यानाचं मुख्य सांगणं आहे. कॅथलिक संस्कार पाहायला गेलेल्या पाहुण्याच्या लक्षात राहतं ते पाणी, तेल, मेणबत्ती, पांढरा झगा. प्रत्यक्ष विधी काही मिनिटांचा. त्या मिनिटांत एक प्रश्न विचारला जातो, आणि त्याला समजून-उमजून ‘होय’ म्हणता यावं म्हणून आधी महिने, कधी वर्षं खर्ची पडतात.

संस्कार सात: बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन, पापनिवेदन, रुग्णांचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. ही सातची मोजणी बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डच्या ग्रंथामुळे रूढ झाली आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये ती पक्की केली. मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर ख्रिस्ती म्हटलं की रेव्हरंड टिळक येतात, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई येतात, पंडिता रमाबाई येतात. ही सगळी प्रोटेस्टंट परंपरेतली माणसं, आणि त्या परंपरेत प्रामुख्याने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच विधी धरतात. तरीही तयारीच्या बाबतीत लक्ष्मीबाईंचं उदाहरण कॅथलिकांनीही मनात ठेवावं असं आहे. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्यावरही आपलं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि स्वतःला पटलं तेव्हाच पाण्याखाली डोकं धरलं. नवऱ्याचं उत्तर बायकोचं उत्तर होत नाही, हे त्यांनी कुणी न शिकवता ओळखलं होतं.

प्रौढ माणसाच्या बाप्तिस्म्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. ‘पाणी शिंपडलं आणि बाटवलं’ ही कल्पना आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ती सगळीच निराधार नाही. सोळाव्या शतकातला गोव्याचा इतिहास डोळ्यांआड करता येणार नाही. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन रस्त्याने पोरं गोळा करून प्रार्थना शिकवणारे हेच झेवियर 1545 च्या पत्रात त्रावणकोर भागात एका महिन्यात दहा हजारांहून जास्त लोकांना बाप्तिस्मा दिल्याचं लिहितात. महिन्यात दहा हजार म्हणजे रोजचे तीनशेच्या वर. त्या गर्दीत कुणाला काय विचारलं गेलं असेल आणि कुणी काय समजून उत्तर दिलं असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

याच चर्चची त्याआधीची रीत अगदी उलटी होती. तिसऱ्या शतकात हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या नियमग्रंथात दीक्षार्थीने तीन वर्षं शिकावं असं सांगितलं आहे. त्याच्या धंद्याचीही चौकशी व्हायची: मूर्ती घडवतोस का, आखाड्यात माणसं मारण्याचे खेळ करतोस का, करत असशील तर आधी तो धंदा सोड. पुढे लहान मुलांचे बाप्तिस्मे सर्रास होऊ लागले आणि प्रौढांची ही लांबलचक उमेदवारी मोडीत निघाली.

गोव्यातही एका माणसाला ही उणीव बोचली असावी असं त्याच्या कामावरून दिसतं. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये वारले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी साष्टीच्या लोकांची भाषा आणि संतांची ग्रांथिक मराठी अशी आत्मसात केली की दहा हजारांवर ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहून 1616 मध्ये राचोलला छापून घेतलं. या पुराणाचं काव्य म्हणून कौतुक पुष्कळ झालं. त्याची रचना मात्र फारशी कुणी लक्षात घेत नाही. बाप्तिस्मा होऊन गेलेली माणसं त्यात शंका काढतात आणि पाद्री-गुरू उत्तरं देत जातो. जुनी पोथी-पुराणं काढून घेतली, आता आम्ही ऐकायचं काय, ही नवख्रिस्ती लोकांची तक्रार या ग्रंथाच्या मुळाशी आहे. म्हणजे पाणी आधी पडलं होतं आणि प्रश्न नंतर आले. स्टीफन्सनी ती उलटी गाडी निदान मराठीच्या रुळावर आणायचा प्रयत्न केला. त्यांची कोकणीतली प्रश्नोत्तररूप ख्रिस्ती शिकवण 1622 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली.

प्रश्न आधी हवेत, हे रोमला कळायला वेळ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला. त्याने लॅटिनऐवजी लोकभाषेला वाट करून दिली आणि प्रौढांची जुनी उमेदवारीही पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्यानुसार नवा विधी 1972 मध्ये आला. आज एखाद्या प्रौढाने ‘मला कॅथलिक व्हायचं आहे’ म्हटलं तर फादर त्याला लगेच पाण्याकडे नेत नाहीत. आधी चौकशीचा काळ. मग स्वीकाराचा विधी, त्यात कपाळ, कान, डोळे यांवर क्रुसाची खूण. त्यानंतर शिक्षण, तेही अनेक ठिकाणी वर्षभर. या काळात तो रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतो, पण नियमाप्रमाणे प्रवचन झालं की त्याला निरोप देऊन बाहेर पाठवतात. पुढच्या भागात बसण्याचा अधिकार अजून मिळायचा असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशपसमोर त्याचं नाव नोंदलं जातं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी मन तपासण्याच्या विशेष प्रार्थना होतात. शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री सैतानाचा त्याग करतोस का, देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावर विश्वास ठेवतोस का, असे प्रश्न एकेक करून विचारले जातात, आणि उत्तरं आली की पाणी. श्रद्धा स्वीकारायला कुणावरही कधीही जबरदस्ती करता येणार नाही, हे धर्मकायद्याच्या 748 व्या कलमात लिहिलेलं आहे. नियम पाळला जातो की नाही यावर भांडण होऊ शकतं, नियम काय आहे यावर नाही.

परभणी जिल्ह्यातल्या श्रोत्यांना ही लांबण चमत्कारिक वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 रोजी धर्मांतराची घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 ला. मध्ये एकवीस वर्षं गेली, आणि दीक्षेच्या दिवशीही त्यांनी बावीस प्रतिज्ञा एकेक करून सगळ्यांकडून म्हणवून घेतल्या. वारकऱ्याची तुळशीची माळ अशीच. ती घालताना काय सोडायचं आणि काय धरायचं, हे आधी कबूल करावं लागतं. नांदेडला गुरुद्वारात अमृत घेणाऱ्यालाही मर्यादा आधी ऐकवली जाते. मराठवाड्याला ‘आधी कबुली, मग खूण’ हा क्रम नवा नाही.

या भागातलं कॅथलिक मिशनही तसं जुनं आहे. फ्रान्सेलियन मिशनऱ्यांनी 1892 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातल्या घोगरगावला ठाण मांडलं. तिथून गोदावरीकाठच्या गावांत जे काम पसरलं त्याचा खरा भार परदेशी फादरांवर नव्हता, गावात राहणाऱ्या धर्मशिक्षकावर होता. हा मास्तर शेतातून माणसं परतल्यावर संध्याकाळी दिव्याच्या उजेडात प्रार्थना पाठ करून घ्यायचा. अक्षरओळख नसलेल्यांना प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, सात संस्कार तोंडी यायला हवेत ही अट असे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनच्या दारात आलेल्यांची भूक किती आणि श्रद्धा किती, हे मोजणं कुणालाच सोपं नव्हतं. अशा वेळी तयारी लांबवणं हाच चाळणीचा एक मार्ग होता. पुढे 1977 मध्ये अमरावती धर्मप्रांतातून औरंगाबाद हा वेगळा धर्मप्रांत झाला. परभणी जिल्हा त्यात येतो.

लहान मुलाचं काय? तान्ह्या बाळाला प्रश्न विचारून उपयोग नाही. म्हणून विधीच्या सुरुवातीला, चर्चच्या दारातच, आईबापांना विचारतात: बाळाचं नाव काय ठेवलं, आणि चर्चकडे काय मागता? बारशाला जमलेल्या नातेवाइकांना हा औपचारिक सवाल वाटतो. पण बाळाला या श्रद्धेत वाढवण्याची आशाच दिसत नसेल तर फादरांनी बाप्तिस्मा पुढे ढकलावा, असं कायदा सांगतो. आईबापांचा वर्ग त्यासाठीच. धर्मपिता किंवा धर्ममाता सोळा वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली हवी आणि आईबापांपैकी कुणी नको. श्रीमंत मामाला मान म्हणून धर्मपिता करायचा आणि त्याला एकही प्रार्थना येत नाही हे ऐन विधीत उघडं पडायचं, असे प्रसंग कोणत्याही धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ऐकायला मिळतात. उलट बाळ मरणाच्या दारात असेल तर ही सगळी मांडणी चर्च स्वतःच बाजूला सारतं. तेव्हा कुणीही, ख्रिस्ती नसलेल्या नर्सनेही, चर्चला अभिप्रेत तेच करण्याच्या हेतूने पाणी ओतून ठरलेले शब्द उच्चारले तर तो बाप्तिस्मा पूर्ण ग्राह्य असतो.

पहिल्या कम्युनियनचा वर्ग ही मात्र पाहण्यासारखी गोष्ट आहे. वय साधारण आठ-नऊ वर्षं. 1910 पूर्वी हीच मुलं बारा-चौदा वर्षांची होईपर्यंत थांबत. दहाव्या पायस पोपनी त्या वर्षी 8 ऑगस्टच्या आदेशाने वय खाली आणलं. ही साधी भाकर नाही एवढं ज्या मुलाला कळतं, त्याला अडवू नका, असा त्याचा रोख होता. वर्ग बहुधा रविवारच्या मिस्सानंतर भरतो. शिकवणाऱ्या सिस्टर किंवा शिक्षिका अभिमंत्रित न केलेली चकती आणून दाखवतात: गव्हाच्या पिठाची, बिनखमिराची, पापडाहून पातळ. ज्वारीच्या मुलखातल्या पोरांना तिचं नवल वाटतं, आणि भाकरी का नाही चालत, असा रास्त सवाल कुणीतरी टाकतंच. नियम गव्हाचा आहे, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या परंपरेतून आलेला. मग हाताची तालीम. डावा तळवा वर, उजवा खाली, चकती ठेवली की ‘आमेन’ म्हणायचं, बाजूला व्हायचं आणि उजव्या हाताने तोंडात घालायची. चघळत हिंडायचं नाही, खिशात घालायची तर मुळीच नाही. मुलं या तालमीत हमखास हसतात. हसू द्यावं, खऱ्या दिवशी घाबरून हात थरथरण्यापेक्षा ते बरं.

या रांगेतला प्रश्न दोन-तीन शब्दांचा आहे. चकती उचलून फादर ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणतात. वाक्य विधानार्थी, पण ऐकणाऱ्यासाठी तो प्रश्नच, आणि ‘आमेन’ हे त्याचं उत्तर.

जुन्या पिढीला उपासाच्या आठवणी वेगळ्याच. 1953 पर्यंत मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. त्या वर्षी पाण्याला मोकळीक मिळाली, 1957 मध्ये उपास तीन तासांवर आला आणि 1964 मध्ये एका तासावर. आज चहा पिऊन चर्चला निघालेला माणूसही प्रवचन लांबलं तर नियमात बसतो.

कम्युनियनच्या आधी पहिलं पापनिवेदन व्हायला हवं, आणि मुलांच्या पोटात गोळा येतो तो तिथे. कुमसार म्हणून गोवा-वसईकडे ओळखला जाणारा हा संस्कार बाहेरच्यांनी सिनेमात पाहिलेला असतो: जाळी, पडदा, कुजबुज. जाळीमागच्या मिनिटांपेक्षा मोठं काम त्याआधीचं. बाकावर बसून स्वतःलाच प्रश्न विचारायचे. कुणाशी खोटं बोललो, कुणाचं उचललं, कुणाचा राग धरला, आईला काय बोललो. मग पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, निवेदन आणि फादरांनी सांगितलेलं प्रायश्चित्त. नऊ वर्षांची मुलं यादी लिहून आणतात आणि दोघा मित्रांची यादी तंतोतंत सारखी निघते. शिकवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. फादरांनी ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही. गुपित थेट फोडलं तर धर्मबहिष्कार, इतकी कडक शिक्षा आहे. वर्षातून एकदा तरी गंभीर पापांचं निवेदन करणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात रांगा लांबतात म्हणून आसपासचे फादर एकमेकांच्या मदतीला जातात.

दृढीकरणाबद्दल फार लांबण लावायचं कारण नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना बिशप कपाळावर सुगंधी तेल, ऑलिव्हच्या तेलात बाल्सम घालून अभिमंत्रित केलेलं, लावतात. त्याआधी तान्हेपणी आईबापांनी दिलेली उत्तरं मुलांना आता स्वतःच्या तोंडाने द्यावी लागतात. पूर्वी बिशप गालावर हलकी चापटही मारत. 1971 च्या सुधारणेत ती गेली. मुलांना ते गेल्याचं वाईट वाटत नसावं.

विवाह. इथे कॅथलिक तयारी मराठी लग्नव्यवस्थेच्या अगदी वर्मावर बोट ठेवते. बहुतेक धर्मप्रांतांत विवाहपूर्व शिबिराशिवाय तारीख मिळत नाही. मुंबई महाधर्मप्रांतात माहीमच्या स्नेहालय केंद्राचे वर्ग प्रसिद्ध आहेत. पैसा, सासर, मूल, आजार, शरीरसंबंध, भांडण कसं मिटवायचं, अशा विषयांवर डॉक्टर, समुपदेशक आणि संसार मुरलेली जोडपी बोलतात. चर्चमध्ये नावं जाहीर वाचली जातात. कुणाला अडथळा ठाऊक असेल तर त्याने सांगावं. ही पद्धत 1215 च्या लॅटरन परिषदेपासूनची. पण सगळ्यांत महत्त्वाची पायरी फोटोत कधीच येत नाही. वर आणि वधू यांना फादर वेगवेगळं बसवून विचारपूस करतात. दार लोटलेलं असतं, आई बाहेर. टेबलावर छापील अर्ज. नाव, वय, बाप्तिस्मा कुठे झाला, याआधी लग्न झालंय का, काही आजार लपवलाय का, आणि मग: या लग्नासाठी तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का? लग्न मोडता येत नाही हे तुला मान्य आहे का? मुलं स्वीकारशील का? उत्तरं लिहून सही घेतात.

‘मुलगी पसंत आहे’ हे ज्या समाजात शतकानुशतकं मुलीला वगळून ठरत आलं, तिथे दार लोटून मुलीला एकटीला विचारणं ही साधी गोष्ट नाही. ती नेहमी खरं बोलतेच असं कोण म्हणेल? बाहेर सगळं वऱ्हाड ठरलेलं असताना, हॉलचे पैसे भरलेले असताना ‘दबाव आहे’ म्हणायला छाती लागते. पण प्रश्न विचारला गेला, हे कागदावर राहतं, आणि पुढे ते लग्न मुळातच अवैध होतं का याची चौकशी चर्चच्या न्यायालयात झाली तर हाच कागद समोर येतो. वेदीसमोरही तेच पुन्हा जाहीरपणे विचारतात. मोकळ्या मनाने आलात का, जन्मभर एकनिष्ठ राहाल का, मुलं स्वीकाराल का. या सगळ्याची जड मुळं ट्रेंट परिषदेच्या 1563 च्या ठरावात आहेत. चोरून लावलेली लग्नं आणि नंतर कानावर हात ठेवणारे नवरे, याला आळा म्हणून तेव्हा धर्मगुरू आणि दोन साक्षीदार सक्तीचे झाले.

मराठवाड्यात कॅथलिक घरं थोडी आणि विखुरलेली, तेव्हा दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी लग्न ही रोजची शक्यता. त्यासाठी बिशपची परवानगी लागते. कॅथलिक जोडीदार आपली श्रद्धा सांभाळण्याचं आणि मुलांना त्यात वाढवण्यासाठी होईल ते करण्याचं वचन देतो. दुसऱ्याकडून 1970 पासून वचन घेत नाहीत, त्याला फक्त या वचनाची माहिती देतात. असं लग्न कायदेशीर आणि चर्चला मान्य असतं. पण दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असेल तेव्हाच त्याला संस्कार म्हणतात. धर्म बदलल्याशिवाय चर्चमध्ये लग्नच लागत नाही, हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

गुरुदीक्षेची तयारी सगळ्यांत लांब. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास, पंचवीस वर्षांचं वय. पुण्याच्या पेपल सेमिनरीसारख्या संस्थांत देशभरातली मुलं शिकतात. विधीत बिशप उमेदवाराच्या आधी दुसऱ्यालाच प्रश्न करतात: हा योग्य आहे याची खात्री आहे का? उत्तर देणारा, लोकांकडे चौकशी करून सांगतो आहे, असं म्हणतो. म्हणजे ज्या गावाला फादर हवा, त्या गावाचं मत या उत्तरात धरलेलं असतं.

एका संस्कारात मात्र प्रश्न गळून पडतो. आजारी माणूस शुद्धीवर नसेल तर त्याला काय विचारणार? शुद्धीत असता तर त्याने मागितलं असतं, एवढ्या समजुतीवर तैलाभ्यंग देता येतो. अडचण वेगळीच आहे. ‘फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं’ ही भीती घरोघर इतकी पक्की की नातेवाईक शेवटच्या श्वासापर्यंत फोनच करत नाहीत. हा संस्कार मरणाऱ्याचा नाही, आजाऱ्याचा आहे, हे 1972 मध्ये सहाव्या पॉल पोपनी नव्याने सांगितलं. गंभीर शस्त्रक्रियेआधी किंवा म्हातारपणी अशक्तपणा वाढला तरी तो घेता येतो, पुन्हाही घेता येतो. तयारी म्हणाल तर एक टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, थोडं पाणी. आणि रुग्णाशी खरं बोलण्याचं धाडस, जे टेबलापेक्षा अवघड.

एवढी यंत्रणा असूनही तयारी पोकळ होऊ शकते. मुंबई-वसईत आणि आता आपल्याकडच्या शहरांतही पहिली कम्युनियन म्हणजे हॉल, केक, शिवलेला सूट आणि फोटोग्राफर. विवाह शिबिराचं प्रमाणपत्र मिळालं की शिबिर विसरलं. वर्गाला मूल सोडून आईबाप बाहेर गाडीत मोबाइल बघत बसतात. दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजी शाळेतल्या मुलांना धर्मशिक्षण इंग्रजीत सोयीचं म्हणून तसं दिलं जातं, आणि आजीच्या तोंडची मराठी प्रार्थना त्यांना परकी होते. मूल घरात ज्या भाषेत भांडतं, खोटं बोलतं, माफी मागतं, त्या भाषेत त्याला प्रश्न विचारला तरच उत्तर त्याचं स्वतःचं येईल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक 1983 ते 2007 अशी चोवीस वर्षं चालवलं, सुबोध मराठीत बायबल आणलं, आणि जानेवारी 2020 मध्ये मराठवाड्यातच, उस्मानाबादला, ते 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कॅथलिक श्रद्धा मराठीत सहज नांदू शकते याचा यापेक्षा जाहीर पुरावा कोणता हवा? धर्मग्रामांनी हा वारसा वर्गाच्या फळ्यापर्यंत आणला नाही, तर दोष इंग्रजी शाळांना देता येणार नाही.

तयारीची पहिली जबाबदारी कायद्याने फादरांवर नाही, आईबापांवर टाकली आहे. 914 व्या कलमात त्यांचं नाव आधी येतं आणि धर्मगुरूंचं नंतर. कॅथलिक श्रोत्यांना एवढीच विनंती की मुलाला वर्गात सोडून परत फिरू नका, मागच्या बाकावर बसा.

आणि बाकीच्यांना, कारण पूर्णेसारख्या गावात शेजारी, सहकारी, मित्र यांची निमंत्रणं येणारच: थेट जेवणाच्या हॉलवर जाऊ नका, तासभर आधी चर्चमध्ये या. कुणीही येऊन बसू शकतं. सगळे उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकले नाहीत तरी कुणी नाराज होत नाही. कम्युनियनची रांग लागली की मात्र बाकावरच थांबा. आपल्याकडे प्रसाद नाकारणं अपमानाचं वाटतं म्हणून पुष्कळ पाहुणे भाबडेपणाने त्या रांगेत जाऊन उभे राहतात. तो प्रसाद नाही. त्यासाठी आधी तयारी करून ‘आमेन’ म्हणावं लागतं, आणि न गेल्याने यजमानांचा मुळीच अवमान होत नाही. काही चर्चमध्ये हात छातीवर घडी घालून पुढे गेलं तर फादर नुसता आशीर्वाद देतात. त्या चर्चची रीत काय, ते यजमानांना आधी विचारून ठेवा.